जुन्या बुलेटचं ऑइल गळतंय? लांबच्या प्रवासात आधी काय तपासायचं आणि कुठं थांबायचं

सकाळी लॉजच्या अंगणातून गाडी काढता आणि फरशीवर काळा डाग दिसतो. शंभरेक किलोमीटरवर चहाला थांबलं की पँटच्या उजव्या पायावर ऑइलचे बारीक ठिपके सापडतात. टोलनाक्यावर उभं असताना तापलेल्या सायलेन्सर पाइपवर ऑइल जळल्याचा वास येतो. काल वरच्या खुणेला असलेली डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) आज निम्म्यावर आलेली असते. इंजिनच्या उजव्या अंगाला फिन्समध्ये धूळ बसून काळा चिखल झालेला असतो, नाहीतर मागच्या चाकाची डावी बाजू हाताला चिकट लागते.

हे सगळं मी कास्ट आयर्न इंजिनच्या, म्हणजे बिडाच्या सिलिंडरच्या जुन्या ३५० बुलेटबद्दल लिहितोय. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, इंजिन वेगळं आणि गिअरबॉक्स वेगळा. ही गाडी १९५५ पासून मद्रासला बनायला लागली आणि मूळ रचना पुढं कितीतरी वर्षं तीच राहिली. त्यामुळं गाडी १९६५ ची असो की १९९० ची, गळतीच्या जागा बहुतेक त्याच. माझी १९८२ ची आहे, वडिलांनी घेतलेली. पुणे-गोवा, पुणे-हंपी असे प्रवास तिच्यावर गेली वीस वर्षं चाललेत, आणि तिची व सोबतच्या मित्रांच्या गाड्यांची गळती रस्त्याच्या कडेला बसून बऱ्याच वेळा काढलीय. चाळीस वर्षांचं रबर कडक होणार आणि चारदा उघडलेलं तोंड थोडं वाकडं होणार, यात गाडीचा दोष नाही. नंतरच्या युनिट इंजिनवाल्या (इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) बुलेटला यातलं बरंच लागू होत नाही.

गळती दिसली की पहिला हात पान्याकडे जातो. तो आवरा. प्रवासात अडकून पडलेल्या ज्या गाड्या मी पाहिल्या, त्यातल्या निम्म्याअधिक गळतीमुळं अडकल्या नव्हत्या, घाईत आवळलेल्या नटामुळं अडकल्या होत्या. आधी जागा शोधायची, पाना नंतर.

पाझर, ठिबक की धार?

मी गळतीचे तीन प्रकार करतो. पाझर म्हणजे जागा ओली दिसते, धूळ चिकटते, पण थेंब पडत नाही. ठिबक म्हणजे गाडी उभी असताना थेंब पडतो. धार म्हणजे इंजिन चालू असताना ऑइल सरळ वाहताना दिसतं. पाझर असेल तर पुसा, लक्ष ठेवा, पुढं चला. ठिबक असेल तर खालच्या तपासण्या करा. धार दिसली तर जिथं आहात तिथंच इंजिन बंद करा. या इंजिनात ऑइल मोजून दोन-सव्वादोन लिटर असतं आणि पंप ते सारखं फिरवत असतो. उघड्या तोंडातून ते रिकामं व्हायला काही मिनिटं पुरतात.

पहिली तपासणी, फुकटची: गळतंय ते ऑइल कुठलं?

या गाडीत इंजिन, डाव्या बाजूची चेनकेस (इंजिनकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनचा बंद डबा) आणि गिअरबॉक्स यांची ऑइल वेगवेगळी असतात. एकाचं दुसऱ्यात मिसळत नाही, आणि नेमकं हेच लोक विसरतात. गिअरबॉक्स गळतोय आणि माणूस इंजिनात ऑइल भरतोय, असं मी दोनदा पाहिलंय.

रात्री मुक्कामाला गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर लावा आणि खाली वर्तमानपत्राचं जोडपान पसरा. पुढचं चाक कुठल्या बाजूला आहे ते कागदावर पेननं लिहून ठेवा. सकाळी डाग वाचायचे. इंजिनच्या पोटाखाली पडलेला काळा, पातळ डाग इंजिनचा. डाव्या फूटरेस्टखालचा, करडा आणि क्लचच्या जळकट वासाचा डाग चेनकेसचा. मागं, छोट्या स्प्रॉकेटखाली पडलेला घट्ट, दोरीसारखा ओघळ गिअरबॉक्सचा. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, एकदा ओळखला की विसरत नाही. बरेच जुने मिस्त्री या गिअरबॉक्समध्ये ग्रीस आणि ऑइल मिसळून भरतात, तेव्हा तो ओघळ आणखी दाट दिसतो. चेनला नुकतंच ऑइल मारलं असेल तर मागच्या रिमवर उडालेले शिंतोडे चेनचे असतात, ती गळतीच नव्हे.

दुसरी, फुकटचीच: डिपस्टिक नीट वाचा

इथं सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या इंजिनाची ऑइलची टाकी क्रँककेसच्या (इंजिनच्या खालच्या पेटीच्या) ओतीवातच मागच्या बाजूला असते. गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली की टाकीतलं ऑइल पंपातून हळूहळू झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं. मग प्रवासाच्या दिवशी सकाळी थंड गाडीची डिपस्टिक काढली की ती कोरडी. घाबरून माणूस अर्धा-पाऊण लिटर ओततो. किक मारल्यावर आधी निळा धूर निघतो, पंप खालचं सगळं ऑइल टाकीत परत ढकलतो, टाकी गच्च भरते आणि जास्तीचं ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून बाहेर पडतं. इंजिनचं पोट, चेनकेसची मागची बाजू, चाक, सगळं माखतं. पाहणाऱ्याला वाटतं, सील गेलं.

एका डिसेंबरात खंबाटकी घाटाच्या वरच्या वळणावर मित्राची गाडी अशीच माखलेली उभी होती. तो परत पुण्याला न्यायच्या विचारात होता. विचारल्यावर कळलं, निघताना साताठशे मिली ऑइल घातलं होतं. आम्ही टाकीतून जास्तीचं ऑइल पाण्याच्या बाटलीत काढून घेतलं, गाडी पुसली. पुढं सावंतवाडीपर्यंत थेंब पडला नाही.

म्हणून रीत अशी: गाडी चार-पाच किलोमीटर चालवा, सपाट जागी मधल्या स्टँडवर लावा, इंजिन बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, मग डिपस्टिक पुसून परत घालून वाचा. ऑइल दोन खुणांच्या मधे असलं की पुरे. वरच्या खुणेच्या वर कधीही नको.

डिपस्टिक नाकाशीही धरा. पेट्रोलचा वास येत असेल किंवा ऑइलची पातळी न घालता वाढली असेल, तर रात्री पेट्रोलचा कॉक उघडा राहून कार्ब्युरेटरमधून पेट्रोल इंजिनात उतरलंय. पातळ झालेलं ऑइल कुठूनही गळतं, आणि मुख्य म्हणजे बेअरिंगला धरत नाही. अशा ऑइलवर गाडी चालवू नका, ते बदला.

तिसरी: पुसा आणि वरची ओली जागा शोधा

थंड इंजिन, रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं, जुना टूथब्रश. सगळं स्वच्छ करून कोरडं करा आणि संशयाच्या जागांवर अंगाला लावायची टाल्कम पावडर शिंपडा. मग आठ-दहा किलोमीटर जाऊन या. पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ उमटलेली दिसते.

ऑइल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीवर वारा त्याला मागं ढकलतो. त्यामुळं डाग जिथं मोठा दिसतो तिथं गळती बहुधा नसतेच. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा हीच खरी. टॅपेट कव्हर (सिलिंडरच्या बाजूचं छोटं झाकण) ओलं दिसलं म्हणून ते उघडायचं आणि नंतर कळायचं की ऑइल वरून, रॉकरला (इंजिनच्या माथ्यावरच्या व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांना) जाणाऱ्या पाइपच्या जोडातून उतरत होतं, असं फार होतं. मोबाइलचा टॉर्च लावून पेट्रोलच्या टाकीच्या खालून रॉकर कव्हरपर्यंत नजर टाका, बोट फिरवा.

चौथी: ब्रीदर

एकाच जागी नाही, चार-पाच ठिकाणी थोडंथोडं पाझरतंय असं दिसलं, तर पॅकिंगला (जोडांमधल्या पातळ थराला) हात लावायच्या आधी ब्रीदर बघा. एकच मोठा पिस्टन. तो खाली येताना क्रँककेसमधली साडेतीनशे सीसीच्या आसपास हवा दाबतो. ती बाहेर जायला ब्रीदर आहे, आणि परत आत येऊ नये म्हणून वाटेत एकदिशा झडप. बऱ्याच गाड्यांवर ती बदकाच्या चोचीसारखी चपटी रबरी नळी असते. रबर कडक झालं, चोच चिकटली, नळी कुठं दुमडली किंवा चिखलानं बुजली, की आतला दाब जाणार कुठं? तो प्रत्येक जोडातून ऑइल बाहेर ढकलतो. मग तुम्ही दहा पॅकिंग बदला, अकराव्या जागेतून येणारच.

नळी काढा, रॉकेलनं धुवा, तोंडानं फुंकून बघा. इंजिनकडून बाहेर हवा सहज गेली पाहिजे, उलट दिशेनं, इंजिनकडे ओढली तर अडली पाहिजे. तसं होत नसेल तर नवी नळी घाला. ही वस्तू चहा-वड्याच्या पैशात मिळते, मी दोन जादा घेऊन फिरतो. बसवताना नळीला वळसा पडू देऊ नका आणि तिचं तोंड मागच्या टायरकडे ठेवू नका.

नळी ठीक असूनही ब्रीदरमधून भकाभक धूर येत असेल आणि गाडी चढाला दम तोडत असेल, तर पिस्टन रिंगा झिजल्यात. ते काम घरी आल्यावर मिस्त्रीकडं. रस्त्यात फक्त वेग कमी ठेवा आणि ऑइल बघत चला.

पाचवी: आता पाना, पण छोटा

ड्रेन प्लग, रॉकरच्या ऑइल पाइपचे पोकळ बोल्ट, टॅपेट कव्हरचा नट, एवढंच तपासायचं. इंजिन कोमट झाल्यावर, आखूड रिंग पान्यानं, मनगटाच्या जोरावर. पाव आट्यात घट्ट लागलं नाही तर थांबा. क्रँककेस अॅल्युमिनियमची आहे, तिचे आटे लोखंडी बोल्टपुढं टिकत नाहीत. जुन्या गाडीला बरेच नट-बोल्ट इंची मापाचे असतात. त्यावर मिलिमीटरचा ‘जवळपास बसतो’ असा पाना लावला की कोपरे घासले जातात, म्हणून इंची पान्यांचा जुडगा सोबत असलेला बरा.

एकदा कराडच्या पुढं ड्रेन प्लग ठिबकत होता म्हणून मी लांब पान्यानं आवळला. पान्याला एकदम मऊ लागलं, लोण्यात फिरल्यासारखं. आटे गेले होते. ठिबक होती तिची धार झाली. टेम्पोत घालून गाडी कोल्हापूरला उद्यमनगरात नेली, तिथं लेथवाल्यानं भोक मोठं करून नवे आटे पाडले आणि जाड प्लग करून दिला. दिवस गेला. नंतर कळलं की जुना वायसर चपटा झाला होता, तो बदलला असता तर काम पाच मिनिटांचं होतं.

वायसर तांब्याचा असेल तर तो पुन्हा वापरता येतो. सांडशीत धरून गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवायचा आणि पाण्यात टाकायचा. दाबून कडक झालेलं तांबं परत मऊ होतं आणि जागेवर नीट बसतं. ढाब्यावर विनंती केली की शेगडी मिळते. फायबरचा वायसर मात्र एकदा निघाला की टाकून द्यायचा.

हेडचे (सिलिंडरवरच्या झाकणाचे) नट रस्त्यात आवळू नका, गरम इंजिनवर तर मुळीच नको. ते ठरावीक क्रमानं आणि मापानंच आवळायचे असतात. या इंजिनात पुशरॉडचा (रॉकर ढकलणाऱ्या उभ्या दांड्यांचा) बोगदा सिलिंडरच्याच ओतीवात आहे, त्यामुळं उजव्या बाजूला हेडच्या जोडातून थोडा पाझर येणं जुनंच दुखणं आहे. तो पाझर घरापर्यंत सहन होतो.

सहावी: चेनकेस

डाव्या बाजूचं मोठं कव्हर मधल्या एकाच नटावर बसतं आणि कडेनं रबरी सील असतं. गळतं म्हणून नट आवळत गेलात की कव्हर मधे दबतं, कडा उचलतात आणि गळती वाढते. आधी लेव्हलचा स्क्रू काढून ऑइल जास्त तर नाही ना ते बघा. जास्तीचं ऑइल मागच्या बाजूनं, गिअरबॉक्सचा शाफ्ट आत येतो तिथून बाहेर येतं आणि सगळे गिअरबॉक्सला दोष देतात. अल्टरनेटरच्या वायरी जिथून बाहेर पडतात तो रबरी बूचही चाचपा. ऑइल वायरीवरून वातीसारखं चढतं.

सीलच गेलं असेल तर फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल बाजूला करून कव्हर काढावं लागतं. सवय असेल तर तासाभराचं काम. खोबण कोरडी करा, नवं सील पीळ न पडता बसवा. सिलिकॉन सीलंट लावायचंच असेल तर बोटानं चोळलेला पातळ थर पुरे. जाड थराचे धागे आत तुटून पडतात. चेनकेसमध्ये एक वेळ चालेल, पण इंजिनच्या जोडावर तसं लावलं तर तेच तुकडे ऑइलच्या वाटा बुजवतात.

सातवी: टॅपेट कव्हरचं पॅकिंग

हे रस्त्यात करता येण्यासारखं शेवटचं काम. आजऱ्यात एका किराणा दुकानासमोर मी ते लग्नपत्रिकेतून कापलंय. दुकानदारानं खोक्यातून जाड पत्रिका काढून दिली. तिचा चकचकीत पापुद्रा पाण्यानं ओला करून सोलला, पुठ्ठा वाळवला. कव्हरच्या कडेवर धरून गोल डोक्याच्या हातोडीनं हलके टिचक्या मारल्या की कडेचा ठसा उमटतो, त्यावर ब्लेड फिरवायचं. मग ऑइलमध्ये भिजवून बसवायचं. त्या पॅकिंगनं आंबोली उतरून गोवा केला आणि परत पुणं गाठलं. घरी आल्यावर मात्र लगेच खरं पॅकिंग घातलं. इथंही मधला नट जोरात आवळला की पत्र्याचं कव्हर वाकतं.

इथं थांबा, मिस्त्रीला बोलवा

मागच्या टायरवर किंवा ब्रेक ड्रममध्ये ऑइल गेलं असेल तर वळणं सुरू व्हायच्या आधी थांबा, घाटात तर एक किलोमीटरही नको. टायर भांड्याच्या साबणानं आणि पाण्यानं धुवा, पेट्रोलनं नको. ब्रेकचे लायनर भिजले असतील तर ते बदलल्याशिवाय गाडी हलवू नका.

रॉकरचा ऑइल पाइप चिरला असेल तर इंजिन चालू करू नका. वर रॉकर कोरडे पडतात आणि ऑइलही संपतं. तालुक्याच्या गावी रेडिएटर दुरुस्त करणारा असतो, तो पाइपला ब्रेझिंग करून देऊ शकतो. त्याच्यापर्यंत गाडी टेम्पोत न्या, नाहीतर नुसता पाइप काढून बसनं जा.

शंभर किलोमीटरच्या आत डिपस्टिक वरच्या खुणेवरून खालच्या खुणेला आली तर मी थांबतो. हा माझा नियम, आणि तो मोडलेला नाही. सोबत लिटरभर २०डब्ल्यू५० इंजिन ऑइल असलं तरी ओतत ओतत पुढं जायचं नाही, कारण गळतीचा वेग वाढला तर ते कळायला तुम्ही इंजिनकडे बघत नसता, रस्त्याकडे बघत असता.

टॅपेटचा आवाज एकाएकी वाढला, इंजिन जड झालं, ऑइलमध्ये चंदेरी कण चमकले, केसला तडा दिसला, यातलं काहीही झालं की पुढचं काम तुमचं नाही. केसचा तडा एम-सीलनं तात्पुरता बुजतो, पण त्याला पॉलिश पेपरनं घासलेली, पूर्ण कोरडी जागा आणि रात्रभर वेळ लागतो. तेवढ्यावर फक्त जवळच्या गॅरेजपर्यंत जायचं. खरा उपाय आर्गॉन वेल्डिंग. स्प्रॉकेटमागचं गिअरबॉक्सचं सील, टायमिंग कव्हरच्या आतली सीलं आणि हेड पॅकिंग यांना खास पुलर (ओढून काढायची हत्यारं) लागतात, माप लागतं, स्वच्छ जागा लागते. हायवेच्या कडेला ती उघडू नका, कुणालाही उघडू देऊ नका. ‘छिन्नीनं काढून देतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा आणि टेम्पो शोधा.

मिस्त्रीकडं गाडी देताना रात्रीच्या वर्तमानपत्राचा आणि पावडरीवरच्या रेघेचा मोबाइलवरचा फोटो दाखवा, किती किलोमीटरला किती ऑइल गेलं ते सांगा. जुनं पॅकिंग आणि सील तुमच्या हातात द्यायला सांगा. ते कुठं दबलंय, कुठं फाटलंय हे बघितलं की पुढच्या वेळी निम्मं काम सोपं होतं.

आणि जिथं थांबलात तिथल्या रस्त्यावर ऑइल सांडलं असेल तर त्यावर माती किंवा राख टाकून पायानं दाबा. मागून वळणावर येणारा स्कूटरवाला त्याच ऑइलवर घसरतो. काढलेलं काळं ऑइल बाटलीत भरून गॅरेजात द्या. आंबोलीच्या ओढ्याकाठी ते ओतणारे मी पाहिलेत. ते पाणी खाली गावं पितात.